समोरच्या जहाजाचा लाल दिवा

रात्रीच्या समुद्रात जहाज दिसत नाही, त्याचे दिवे दिसतात. तीनशे मीटरचं कंटेनर जहाज असो की दोन माणसांची होडी, अंधारात आकार, रंग, नाव सगळं पुसलं जातं आणि उरतात दोन-चार ठिपके. त्या ठिपक्यांवरून समोरचं जहाज कोणत्या दिशेला चाललंय, ते इंजिनावर आहे की शिडावर, त्याच्यामागे जाळं आहे का, त्याला वळणं शक्य आहे का, आणि मुख्य म्हणजे आता बाजूला कोणी व्हायचं, हे सगळं कळतं. मात्र ठिपके वाचता यायला हवेत.

हे वाचन शिकवणारं पुस्तक फार जाड नाही. समुद्रावरची टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १५ जुलै १९७७ पासून लागू झाले. भारतानेही ते स्वीकारले आहेत. आज त्यात ४१ नियम आहेत. त्यातले २० ते ३१ दिव्यांचे आणि दिवसा टांगायच्या आकारांचे, तर ३२ ते ३७ आवाजाचे. मर्चंट नेव्हीत जाणारी मुलं त्यांना ‘आरओआर’ (रूल्स ऑफ द रोड) म्हणतात आणि तोंडी परीक्षेसाठी शब्दन् शब्द घोकतात. परीक्षक फळ्यावर रंगीत ठिपके मांडतो आणि विचारतो, हे काय आहे, आणि तू काय करशील? पाठांतराला माझा विरोध नाही, कारण भर समुद्रात मध्यरात्री पुस्तक उघडायला वेळ नसतो. पण या नियमांच्या मुळाशी एक साधी भूमिती आहे. ती आधी समजली तर निम्मं पाठांतर आपोआप होतं, आणि जे होत नाही तेही जास्त दिवस टिकतं. म्हणून सुरुवात भूमितीपासून करू.

जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. हे दिवे चारही बाजूंना दिसत नाहीत. नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, अगदी समोरून सुरू होऊन आपापल्या बाजूने मागे ११२.५ अंशांपर्यंत, एवढ्याच टापूत त्यांचा प्रकाश पडतो. डोलकाठीवर पुढच्या बाजूला पांढरा दिवा असतो, तो २२५ अंशांत दिसतो, म्हणजे लाल आणि हिरव्या दिव्यांचे टापू मिळून जेवढे होतात तेवढ्यात. उरलेले १३५ अंश जहाजाच्या मागच्या पांढऱ्या दिव्याचे. वर्तुळ पुरं झालं.

११२.५, २२५, १३५ असे अडनिडे अंश कुठून आले? जुन्या होकायंत्रावर ३२ दिशा आखलेल्या असत, प्रत्येक दिशा सव्वाअकरा अंशांची. कडेच्या दिव्याला अशा दहा दिशा दिल्या, डोलकाठीच्या दिव्याला वीस, मागच्या दिव्याला बारा. होकायंत्रं बदलली, दिव्यांच्या पेट्यांमधल्या आडोशांचे कोन मात्र तेच राहिले.

आता तुम्ही एका बोटीच्या सुकाणूवर आहात असं समजा. रात्र आहे आणि उजव्या हाताला पुढे, थोड्या अंतरावर एक लाल दिवा दिसतोय. लाल दिवा दिसतो म्हणजे त्या जहाजाची डावी बाजू तुमच्याकडे आहे. ते तुमच्या उजवीकडून डावीकडे, तुमच्या वाटेला आडवं येत आहे. नियम १५ सांगतो की इंजिनावर चालणारी दोन जहाजं एकमेकांच्या वाटेला छेद देत असतील, तर ज्याच्या उजवीकडे दुसरं जहाज आहे त्याने बाजूला व्हायचं, आणि शक्यतो दुसऱ्याच्या पुढून जायचं नाही. म्हणजे इथे वळायचं आहे तुम्हाला. त्याच वेळी त्या जहाजाला तुमची कोणती बाजू दिसते? उजवी, म्हणजे हिरवी. आणि त्याचं काम आहे आपली दिशा आणि वेग न बदलता चालत राहणं.

इथे मला या नियमांचं खरं सौंदर्य दिसतं. ज्याने बाजूला व्हायचं त्याला लाल दिसतं आणि ज्याने चालत राहायचं त्याला हिरवं. कोणी सिग्नल दिला नाही, कोणी रेडिओवर बोललं नाही, दोन्ही जहाजांवरची माणसं कदाचित एकमेकांची भाषाही जाणत नसतील. तरी काय करायचं ते समोरच्याच्या दिव्याचा रंगच दोघांना सांगतो. हा नियम शिकवताना ‘उजवीकडचा मोठा’ असं पाठ करून घेतात. त्यापेक्षा काळ्या कागदावर दोन होड्या काढाव्यात, त्यांच्या कडांना रंग द्यावेत आणि त्या बोटांनी फिरवून बघाव्यात. दहा मिनिटांत जे कळतं ते मग विसरत नाही.

लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर जहाज थेट तुमच्यावर येत आहे. तेव्हा दोघांनीही उजवीकडे वळायचं, म्हणजे दोन्ही जहाजं एकमेकांच्या डाव्या अंगाने निघून जातात. नुसता मागचा पांढरा दिवा दिसत असेल, तर तुम्ही त्याला मागून गाठत आहात आणि पूर्ण पुढे निघून जाईपर्यंत दूर राहण्याची जबाबदारी तुमची. पुढे जाता जाता मध्येच त्याचा हिरवा दिसू लागला म्हणून ही जबाबदारी संपत नाही, हे नवशिक्यांकडून हमखास सुटतं.

पन्नास मीटर किंवा त्याहून लांब जहाजाला डोलकाठीवरचे पांढरे दिवे दोन लागतात, पुढचा खाली आणि मागचा वर. कडेच्या दिव्यांपेक्षा ही जोडी जास्त बारीक माहिती देते. मोठ्या जहाजाचे पांढरे दिवे सहा सागरी मैलांवरून दिसले पाहिजेत, लाल-हिरवे तीन मैलांवरून. त्यामुळे रंग कळायच्या कितीतरी आधी पांढरे दिसतात. खालचा दिवा वरच्याच्या डावीकडे असेल तर जहाजाचं तोंड डावीकडे आहे. दोन्ही दिवे सरळ उभ्या रेषेत आले तर तोंड तुमच्याकडे आहे. या दोन दिव्यांमधलं आडवं अंतर हळूहळू कमी होऊ लागलं, की जहाज तुमच्या दिशेने वळतंय हे लाल-हिरव्याच्या आधी समजतं.

एवढं वाचता आलं तरी एक प्रश्न उरतो. टक्कर होणार आहे की नाही? रात्री अंतराचा अंदाज फार फसवा असतो. कोकणातल्या एका बंदरातून रात्री निघालेल्या होडीवर एका तांडेलकाकांनी मला याची परीक्षा दाखवली होती. दूरवर एक पांढरा आणि त्याखाली लाल दिसत होता. त्यांनी मला आपल्याजवळ बसवलं, डोकं हलवू नका म्हणाले आणि पुढच्या खांबाकडे बोट केलं. “बघा, ती बत्ती खांबाला चिकटलीय. आता थोडा वेळ नुसतं बघत राहा.” मी बघत राहिले. बत्ती खांबालाच चिकटून राहिली, थोडी उजळ झाली. “सरकत नाही ना? मग ती आपल्यावरच येतेय. खांब सोडून पुढं गेली असती तर आपल्या पुढून गेली असती, मागं पडली असती तर आपल्या मागून.” आणि त्यांनी सुकाणू उजवीकडे घातलं. त्या दिव्यानं खांब सोडला तेव्हाच ते पुन्हा बोलले.

नियम ७ मध्ये हेच लिहिलं आहे: जवळ येणाऱ्या जहाजाची होकायंत्रावरची दिशा लक्षात येईल इतकी बदलत नसेल, तर टक्करीचा धोका आहे असं समजा. सामान्य माणसाची समजूत याच्या नेमकी उलट असते. जे हलतं ते आपल्याला धोक्याचं वाटतं आणि जे जागचं हलत नाही त्याकडे आपण दुर्लक्ष करतो. समुद्रावर जागेवरून न हलणारा दिवा सगळ्यात घातक. खांबाची युक्ती वापरताना स्वतःची होडी सरळ ठेवावी लागते, आणि समोरचं जहाज फार मोठं किंवा अगदी जवळ असेल तर दिशा थोडी बदलत असूनही धोका असतो, हेही त्याच नियमात आहे.

आता वळायचं ठरलं, तर किती? नियम ८ म्हणतो, वेळेवर आणि इतकं ठळकपणे वळा की समोरच्याला ते दिसलंच पाहिजे. थोडं थोडं, चार-पाच अंशांनी वळत जाऊ नका. हे वाक्य मागे कोणती रात्र घेऊन आलंय ते बघण्यासारखं आहे.

२५ जुलै १९५६. इटलीचं आंद्रेआ डोरिया हे प्रवासी जहाज न्यूयॉर्ककडे चाललं होतं आणि स्वीडनचं स्टॉकहोम न्यूयॉर्कहून निघून गोथेनबर्गकडे. अमेरिकेच्या नँटकेट बेटाच्या दक्षिणेला डोरिया दाट धुक्यात होतं, स्टॉकहोम मोकळ्या हवेत. दोन्ही जहाजांना रडारवर एकमेकांचा ठिपका कितीतरी मैलांवरून दिसला होता. डोरियावर अंदाज बांधला गेला की समोरचं जहाज आपल्या उजवीकडून निघून जाईल, म्हणून अंतर वाढवायला ते चार अंश डावीकडे वळलं. स्टॉकहोमवर समज नेमका उलटा होता, ते जहाज आपल्या डावीकडून जाईल असा. चार अंशांचा बदल रडारच्या पडद्यावर कोणाच्या लक्षात येणार? शेवटी धुक्यातून दिवे दिसले तेव्हा बोलायलाही वेळ उरला नव्हता. स्टॉकहोम उजवीकडे वळलं, डोरिया आणखी जोरात डावीकडे. बर्फात चालण्यासाठी मजबूत केलेली स्टॉकहोमची नाळ डोरियाच्या उजव्या कुशीत घुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी डोरिया बुडालं. दोन्ही जहाजांवरची मिळून ५१ माणसं गेली. बाकी सगळे वाचले, कारण मदतीची जहाजं जवळ होती. भरपाईचं प्रकरण न्यायालयाबाहेर मिटलं, त्यामुळे दोष कोणाचा याचा अंतिम निवाडा झाला नाही.

आजचा नियम १९ धुक्यासाठीच आहे. त्यात सांगितलंय की नुसत्या रडारवर दिसणारं जहाज आपल्या पुढच्या बाजूला असेल आणि त्याला आपण मागून गाठत नसू, तर शक्यतो डावीकडे वळू नका. धुक्यात दोन जहाजं एकमेकांना दिसत नसतील, तर कोणी चालत राहायचं आणि कोणी बाजूला व्हायचं ही विभागणीही राहत नाही. दोघांवरही सारखीच जबाबदारी येते.

या नियमांत ‘हक्क’ कुठेच नाही, हेही डोरियाच्या निमित्ताने सांगायला हवं. पुष्कळ जणांना वाटतं, आपल्याला हिरवा दिसतोय म्हणजे वाट आपली. तसं नसतं. चालत राहणं हेही कर्तव्यच आहे, कारण तुम्ही काय करणार याचा भरवसा असेल तरच दुसरा नीट वळू शकतो. दुसरा वळतच नाही असं स्पष्ट दिसू लागलं, तर तुम्हाला हालचाल करायची मुभा आहे. आणि आता एकट्या त्याच्या वळण्याने टक्कर टळणार नाही इतकं अंतर उरलं, तर हालचाल करणं तुम्हालाही सक्तीचं आहे.

आवाजाकडे येऊ. इथे शिकणाऱ्याची सगळ्यात जास्त धांदल उडते, कारण दिवे डोळ्यांसमोर असतात, भोंगे मात्र लक्षात ठेवावे लागतात. लहान भोंगा म्हणजे साधारण एक सेकंदाचा, लांब भोंगा चार ते सहा सेकंदांचा. एकमेकांना दिसणाऱ्या जहाजांसाठी: एक लहान, मी उजवीकडे वळतोय, दोन लहान, डावीकडे, तीन लहान, माझं इंजिन उलट्या दिशेने चालू आहे. आणि पाच किंवा जास्त लहान, भराभर: तुमचा विचार मला कळत नाही, किंवा तुम्ही पुरेसं करत आहात याची मला शंका आहे.

हा पाच भोंग्यांचा इशारा माझ्या मते पुस्तकातला सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा आहे. समोरच्याला हटकणं लोकांना उद्धटपणाचं वाटतं. मग ते रेडिओवर बोलायला जातात, आणि गर्दीच्या पाण्यात आपण नेमक्या कोणत्या जहाजाशी बोलतोय याचीच खात्री नसते. पाच भोंगे ज्याला ऐकू जायचे त्यालाच जातात. शंका आली की वाजवावेत, लाजू नये.

हे इशारे लक्षात ठेवायला एक किल्ली आहे. ज्यांना मोर्स लिपी थोडी येते त्यांनी हे भोंगे बिंदू आणि रेघा म्हणून वाचावेत. एक बिंदू म्हणजे ई, दोन म्हणजे आय, तीन म्हणजे एस. आंतरराष्ट्रीय संकेतसंहितेत या अक्षरांचे अर्थ ठरलेले आहेत: ई म्हणजे उजवीकडे वळतोय, आय म्हणजे डावीकडे, एस म्हणजे इंजिन उलटं. धुक्यातले इशारेही तसेच. इंजिनाचं जहाज पाण्यात जागेवर थांबलेलं असेल तर दर दोन मिनिटांच्या आत दोन लांब भोंगे देतं. दोन रेघा म्हणजे एम, आणि एमचा अर्थ ‘माझं जहाज थांबलं आहे’. एक लांब आणि दोन लहान म्हणजे डी, अर्थ ‘माझ्यापासून दूर राहा, मला वळणं अवघड आहे’. शिडाचं जहाज, मासेमारी करणारी होडी, दुसऱ्याला ओढणारं टग, हाताबाहेर गेलेलं जहाज, सगळे धुक्यात हाच डी वाजवतात. चार लहान म्हणजे एच, जहाजावर पायलट, म्हणजे बंदरातली वाट दाखवणारा माणूस, आहे, आणि पायलटची बोट धुक्यात तेच वाजवते. अरुंद खाडीत मागून येणारं जहाज पुढे जाण्याची परवानगी मागतं तेव्हा पुढचं जहाज लांब-लहान-लांब-लहान असं उत्तर देतं. ते अक्षर सी, आणि सीचा अर्थ ‘हो’. ज्याला ही जुळणी कळली त्याला तक्ता पाठ करावा लागत नाही.

एक गोंधळ मात्र इथेच मिटवायला हवा. ‘मी उजवीकडे वळतोय’ हा एक लहान भोंगा फक्त दिसणाऱ्या जहाजाला द्यायचा. धुक्यात नुसत्या अंदाजाने तो वाजवायचा नाही. धुक्यात चालत असलेल्या इंजिनाच्या जहाजाचा इशारा एकच, दर दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा. आणि धुकं म्हटलं तरी नियमात फक्त धुकं नाही. दाट पाऊस, बर्फ, वाळूचं वादळ, दिसणं कमी करणारं काहीही त्यात येतं. धुक्यात किंवा धुक्याजवळ, असे शब्द आहेत, म्हणजे स्वतः मोकळ्या हवेत असलो तरी पुढे पडदा दिसला की भोंगा सुरू व्हायला हवा. आपल्या किनाऱ्यावर खरा पडदा असतो पावसाचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा बाहेर पडतात आणि पाऊस तेव्हा संपलेला नसतो. एखादी सर अशी येते की नाळ दिसत नाही. त्या वेळी ‘पाच मिनिटांत उघडेल’ म्हणून भोंग्याला हात न लावणं ही फार वाईट सवय आहे.

भोंग्याचा आवाजही काही सांगतो. नियमांच्या परिशिष्टात जहाजाच्या लांबीप्रमाणे भोंग्याचा सूर ठरवला आहे. दोनशे मीटरहून मोठ्या जहाजाचा भोंगा ७० ते २०० हर्ट्झचा, खर्जातला. पंच्याहत्तर मीटरहून लहान जहाजाचा २५० ते ७०० हर्ट्झचा, चढा. मोठ्याचा आवाज दोन सागरी मैलांवर ऐकू यावा, वीस मीटरहून लहानाचा अर्ध्या मैलावर. म्हणजे दाट पावसात जड, खोल आवाज आला तर समोर काय आहे याचा अंदाज कानाने येतो. कुठून आला हे मात्र कानावर सोपवू नका. धुक्यात आवाज वाकडा-तिकडा प्रवास करतो आणि खर्जाची दिशा कानाला तशीही नीट कळत नाही. नियम ५ मध्ये टेहळणी डोळ्यांनी आणि कानांनी करा असं लिहिलंय. तरी आजकालच्या जहाजांवर काचबंद, वातानुकूलित कक्षात बसलेला अधिकारी बाहेरचा भोंगा ऐकण्यासाठी दार उघडतो का, हा प्रश्न मला सतावतो.

आवाजाची सक्ती लवकर आली नाही. १८५४ साली न्यूफाउंडलंडजवळ दाट धुक्यात पूर्ण वेगाने चाललेलं आर्क्टिक हे प्रवासी जहाज व्हेस्टा या फ्रेंच बोटीवर आदळलं आणि बुडालं. तीनशेहून अधिक माणसं गेली, आणि जहाजावरची एकही स्त्री किंवा मूल वाचलं नाही. ब्रिटनमध्ये वाफेच्या जहाजांना १८४८ मध्ये लाल, हिरवे आणि पांढरे दिवे लावायला सांगितलं होतं. शिडाच्या जहाजांना रंगीत दिवे आणि सगळ्यांना धुक्यातले इशारे १८५८ मध्ये लागू झाले. १८६३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने मिळून नियम ठरवले आणि पाहता पाहता तीसहून अधिक देशांनी ते उचलले. जगभर एकच नियम असलेल्या गोष्टी तशा कमीच, ही त्यातली सगळ्यात जुन्यांपैकी एक.

आता आपल्या पाण्याकडे. मुंबई बंदराचं तोंड म्हणजे या सगळ्या नियमांची रोजची परीक्षा. न्हावा-शेवाकडे जाणारी कंटेनर जहाजं खोल पाण्याच्या अरुंद वाटेतूनच जाऊ शकतात. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या फेऱ्या ती वाट ओलांडतात, ससून डॉकमधून निघालेल्या होड्याही. ७ ऑगस्ट २०१० ला सकाळी न्हावा-शेवाहून निघालेलं एमएससी चित्रा आणि आत येणारं खलीजिया-३ ही जहाजं याच तोंडाशी एकमेकांवर आदळली. कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडलं, बंदराची वाहतूक काही दिवस थांबली. नियम ९ सांगतो की अरुंद वाटेत सगळ्यांनी शक्य तितकं उजव्या कडेने जायचं, आणि मासेमारी करणाऱ्या होडीने किंवा वाट ओलांडणाऱ्याने फक्त तिथूनच जाऊ शकणाऱ्या जहाजाची अडवणूक करायची नाही. इथे मासेमारीला मिळणारी सवलत संपते. मोठं जहाज इंजिन उलटं केलं तरी मैलभराहून अधिक पुढे सरकत राहतं. तिथे कोण बरोबर होतं याला काही अर्थ उरत नाही.

आणि होड्यांचे दिवे. मासेमारीच्या होडीने काय लावावं हे नियम २६ मध्ये स्पष्ट आहे. ट्रॉल ओढत असेल तर उभ्या रेषेत वर हिरवा, खाली पांढरा, दोन्ही चारही बाजूंना दिसणारे. इतर जाळं असेल तर वर लाल, खाली पांढरा. होडी पाण्यातून पुढे सरकत असेल तर याशिवाय कडेचे आणि मागचा दिवा. हे दिवे बघून मोठ्या जहाजाने दूर राहायचं असतं. पण आपल्या किनाऱ्यावर अनेक होड्यांवर लुकलुकणाऱ्या निळ्या-जांभळ्या-हिरव्या एलईडी माळा दिसतात आणि डेकवर असे झगझगीत दिवे, की त्यांच्यात लाल-हिरवे पूर्ण बुडून जातात. नियम २० सांगतो की नियमातल्या दिव्यांचा गोंधळ होईल, ते झाकले जातील किंवा टेहळणीला अडथळा येईल असा कोणताही दुसरा दिवा लावू नका. होडी लांबून दिसते खरी, पण ती काय करतेय, कुठे चाललीय हे कळत नाही. कंटेनर जहाजाच्या ब्रिजवर उभ्या असलेल्या माणसाला हजार लुकलुकत्या ठिपक्यांत एक लाल दिवा शोधावा लागतो. याचं ओझं ज्याच्या होडीला धक्का बसतो त्याच्यावरच पडतं, आणि ती होडी बहुतेक वेळा एका घराचं सगळं काही असते. बंदरावर मच्छीमार सोसायट्यांनी हे दिवे आणि त्यांच्या योग्य जागा दाखवणारा एक मराठी फलक लावला तरी खूप फरक पडेल असं मला मनापासून वाटतं.

दिवे वाचायचा सराव करायचा असेल तर संध्याकाळी गेटवेला, मांडव्याच्या जेट्टीवर, मिरकरवाड्याला किंवा आपल्या गावच्या बंदरावर बसावं. सूर्यास्तानंतर दिवे लागतात. एक जहाज निवडावं, ते कुठे चाललंय ते ठरवावं आणि थोड्या वेळाने आपला अंदाज खरा ठरतो का ते तपासावं. मोबाईलवर जहाजांची दिशा दाखवणारी अॅप आहेत, त्यांनी उत्तर पडताळता येतं. लहान होड्या त्यात बहुतेक दिसत नाहीत, त्यांच्यासाठी डोळेच.

शेवटी एक अवघड प्रश्न सोडवून बघू. तुम्ही इंजिनाच्या बोटीवर आहात. पुढे वर लाल, खाली पांढरा असे दोन दिवे, त्यांच्या खाली हिरवा, आणि या सगळ्याच्या डावीकडे जवळच अजून एक पांढरा. लालावर पांढरा, म्हणजे ट्रॉल नाही, दुसरं जाळं टाकलेली होडी. हिरवा दिसतो म्हणजे ती पुढे सरकतेय आणि तिची उजवी बाजू तुमच्याकडे आहे, म्हणजे तोंड तुमच्या उजवीकडे. डावीकडचा जादा पांढरा दिवा सांगतो की तिचं जाळं त्या दिशेला दीडशे मीटरहून जास्त लांब पसरलेलं आहे. तुमचा हात सवयीने तिच्या मागून जायला सुकाणू डावीकडे घालेल, कारण चालत्या जहाजाच्या मागून जाणं सुरक्षित असतं हे तुम्ही शिकलात. इथे नेमकं तेच करायचं नाही. मागे जाळं आहे. त्याचे दोर पंख्यात अडकले तर तुमचं इंजिन गेलं आणि त्यांचं जाळं. वेग कमी करा, जाळ्याच्या टोकाला लावलेला बोया किंवा त्याचा दिवा शोधा, आणि तो सापडला की त्याच्याही पलीकडून, भरपूर अंतर ठेवून जा. नाही सापडला तर थांबा आणि तिला पुढे जाऊ द्या.